दोऱ्यांची चाकं

सायकलच्या चाकात लोखंडी तारांऐवजी दोरे घालतात, हे जेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही, आणि ज्या अर्थी माझाच बसला नाही त्या अर्थी ही थाप असणार, असं मी जेवता जेवता जाहीर करून टाकलं. ही बढाई नव्हे. धाग्यादोऱ्यांच्या बाबतीत माझ्या शब्दाला वजन आहे. मी सरकारी धागे-कापड तपासणी प्रयोगशाळेत अधिकारी आहे. शाळेच्या गणवेशाचं कापड, तंबूच्या दोऱ्या, रुग्णालयांच्या चादरी, बुटांच्या नाड्या, सगळं माझ्या टेबलावर येतं. मी ते यंत्राच्या जबड्यात अडकवतो, तुटेपर्यंत ओढतो आणि किती ओढल्यावर तुटलं ते लिहितो. लोक संसार जोडण्यासाठी पगार घेतात, मी तोडण्यासाठी घेतो. सव्वीस वर्षांत माझा एकही अहवाल कुणाला फिरवता आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचून पाहिलं, तर गोष्ट खरी निघाली. तोच कृत्रिम धागा, ज्याच्या दोरखंडांनी मोठाली जहाजं ओढतात. वजनाच्या मानाने पोलादाच्या कितीतरी पट बळकट, हलका, गंज नाही, काही नाही. वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. सायकलच्या अख्ख्या जगात अशी एक वस्तू निघाली होती की जिच्याबद्दल मला माझ्या साडूपेक्षा जास्त कळत होतं.

साडू हे नातं ज्याने शोधून काढलं त्याला स्वतःला साडू नसावा. मेहुण्याशी भांडता येतं, दिराशी अबोला धरता येतो. साडूशी फक्त तुलना होते, आणि ती दुसरे लोक करतात. माझे साडू दातांचे डॉक्टर आहेत. स्वतःचे सगळे दात एकाच वेळी दाखवून हसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तोंड उघडलं की दुकान उघडल्यासारखं वाटतं.

दर रविवारी आमची दोन्ही कुटुंबं सासऱ्यांकडे जातात. घर गावाबाहेर, बावीस किलोमीटरवर. मेहुणी गाडी चालवते, तिच्याबरोबर माझी बायको आणि दोन्हीकडची पोरं. आम्ही दोघे सायकलवर, त्यांच्या अर्धा तास आधी निघून. डॉक्टर माझ्याआधी तेरा मिनिटं पोचतात. कधी चौदा, कधी बारा, पण तेराच्या आसपास. मी फाटकातून आत शिरेपर्यंत त्यांची आंघोळ झालेली असते आणि सासूबाई ओट्यावरून काळजीने विचारतात, "वाटेत काही झालं का हो?"

वाटेत काय होणार? पण "काही नाही झालं, मी असाच आहे" हे जावयाने कोणत्या तोंडाने सांगायचं? तीन वर्षं मी काहीतरी झाल्याचं सांगत आलो. साखळी उतरली. कुत्रं मागे लागलं. रेल्वेचं फाटक बंद होतं. ते फाटक मी इतक्या वेळा बंद केलं की शेवटी सासरे म्हणाले, "तिथं दोन वर्षांपूर्वीच पूल झाला ना?"

हे सगळं मी गिळलं असतं. मध्यमवर्गीय माणसाचा तोच तर मुख्य आहार. पण एका रविवारी परत आल्यावर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लहानपणापासून मी दुसरीच. ताईचे कपडे उतरले की मला, ताईची पुस्तकं जुनी झाली की मला. माझा पहिला नंबर आला त्या वर्षी ताई कॉलेजात पहिली आली, म्हणून माझे पेढे तिच्या पेढ्यांत मिसळून वाटले. आता सायकलवरसुद्धा..." पुढचं वाक्य तिने उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवलं.

मला ते लागलं. स्पष्टच सांगतो, फार लागलं. पुढच्याच रविवारी मी सगळ्यांसमोर उभा राहून म्हणालो, "सासऱ्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला मी डॉक्टरांच्या आधी पोचेन. नाही पोचलो, तर सायकल विकून टाकीन आणि पुढे कायम मागच्या सीटवर पोरांच्या मधे बसून येईन." डॉक्टरांनी सगळे दात दाखवले. वाढदिवसाला तीन महिने होते.

आता निवड. दोऱ्यांची चाकं घ्यायची हे ठरलं, पण कोणती? अशा चाकांची कड उंच असते, म्हणजे टायरखालचा गोल पट्टा चांगला चार बोटं खोल असतो, त्याने वारा कापला जातो म्हणतात. चाळीस मिलिमीटर, पन्नास, साठ. जितकी खोल तितकी वेगवान, आणि जितकी खोल तितका आडव्या वाऱ्यात धोका. मी कार्यालयीन शिस्तीने तुलनात्मक तक्ता केला. अकरा रकाने. वजन, खोली, दोऱ्यांची संख्या, दोऱ्याचा व्यास, ताण, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. महिनाभर संध्याकाळी मी तो तक्ता भरत होतो. पाच कंपन्यांच्या माहितीपत्रकांत प्रत्येकीचं चाक जगात सर्वांत वेगवान होतं. मला त्या पाचही चाकांबद्दल आदर वाटला, कारण एवढा समसमान निकाल आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा दबाव आल्याशिवाय लागत नाही.

बायकोने एकदा तक्त्यात डोकावून विचारलं, "याने किती वेळ वाचतो?"

"चाळीस किलोमीटरला चाळीस सेकंद."

"म्हणजे आपल्या बावीसला बावीस." तिने क्षणभर विचार केला. "आणि बाकीची पावणेतेरा मिनिटं कुठून आणणार आहात?"

हिशेबात हुशार बायको मिळणं हे भाग्याचं लक्षण आहे असं सांगणारे सगळे अविवाहित असावेत.

खालच्या मजल्यावर पूलवाले काका राहतात. आयुष्यभर पूल बांधले, त्यातला एक अजून उभा आहे आणि त्याचा विषय निघाल्याशिवाय ते कुणाला जिना चढू देत नाहीत. त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला (हा माणूस वाचायच्या वेळी चष्मा वर चढवतो, मग तो घेतला कशाला?) आणि म्हणाले, "दोरीवर पूल टांगतात. चाक नाही टांगत."

"काका, तत्त्व तेच आहे. ताण."

"मला ताण शिकवतोस? साठ मिलिमीटर म्हणजे चाक नव्हे, शीड आहे ते. आडवा वारा आला की तू सासरी न पोचता समुद्रात पोचशील."

"समुद्र इथून तीनशे किलोमीटरवर आहे, काका."

"मग वेग चांगला आहे म्हणायचा," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला, आणि त्यांच्या त्या उभ्या पुलावरून मला पुन्हा एकदा नेऊन आणलं.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचं मत मी विचारलं नव्हतं. ते त्याने स्वतःहून दिलं. चित्र बघून तो म्हणाला, "साहेब, चाक नका बदलू. पोट बदला." असल्या माणसाकडून आपण बारा वर्षं हवा भरून घेतो.

शेवटी मी साठ मिलिमीटरची निवडली. कारण डॉक्टरांची, लोखंडी तारांची असली तरी, पन्नासची आहेत. अकरा रकान्यांचा तक्ता करून निर्णय असा झाला याचं कुणाला हसू येत असेल, तर त्याने सरकारी खरेदी कधी जवळून पाहिलेली नाही. किंमत मी बायकोला सांगितली नाही, तेव्हा तुम्हालाही सांगणं बरोबर दिसणार नाही.

चाकं परदेशातून येणार होती. विकणारा माणूस प्रामाणिक होता, तोच घोटाळा झाला. त्याने खोक्यावर लिहिलं, 'चाके, कृत्रिम धाग्याची'. झालं. खोकं कस्टमच्या गोदामात अडकलं आणि मला बोलावणं आलं. खिडकी क्रमांक तीन वाहनांच्या भागांची. तिथल्या कारकुनाने खोक्यातले दोन जास्तीचे सुटे दोरे बोटाला गुंडाळून पाहिले आणि म्हणाला, "हे कापड आहे. खिडकी सात." खिडकी सातवरच्या बाई म्हणाल्या, "हे गोल आहे. खिडकी तीन." तीन आणि सात यांच्यामध्ये मी चार वेळा ये-जा केली. त्या दिवशीचं अंतर मोजलं असतं तर माझा सराव त्यातच निघाला असता.

शेवटी सातच्या बाईंना माझी दया आली. "ठीक आहे, कापडात घेते. पण मग कापडाचे नियम लागणार. रंग पक्का आहे का, धुतल्यावर आटतं का, ताण किती घेतं, सगळं तपासावं लागेल."

"बाई, चाक धुतल्यावर आटेल का?"

"ते प्रयोगशाळा सांगेल. हे दोन सुटे दोरे नमुना म्हणून कापून पाठवते. एक तपासायला, एक जपून ठेवायला."

"कुठल्या प्रयोगशाळेत?"

"ते सांगता येत नाही. नमुन्याला फक्त नंबर असतो. तपासणाऱ्यालाही कळत नाही माल कुणाचा आहे ते."

मला बरं वाटलं. ही नंबराची पद्धत पाच वर्षांपूर्वी माझ्याच टिपणीवरून सुरू झाली होती. तपासणी निःपक्षपाती हवी, असं मी त्यात तीनदा लिहिलं होतं. अशा पाच प्रयोगशाळा आहेत. माझा नमुना कुणा कामचुकार माणसाच्या हाती न लागो, एवढं मनात म्हणून मी घरी आलो.

पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर नमुना क्रमांक चारशे सतरा आला. वर्णन: कृत्रिम धागा, काळा, तुकडे पाच, उपयोग नमूद नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. तक्त्यात दोऱ्याचा व्यास मी दशांश चिन्हापर्यंत लिहिला होता, पण दोरा हातात कधी घेतला नव्हता. चित्रातले दोरे चाकात ताठ, चकचकीत, टोकांना धातूच्या टोप्या घालून बसलेले. हे पाकिटातले तुकडे म्हणजे एखाद्या पोराच्या बुटाची मेलेली नाडी. मी माझ्या सहायक बाईंना म्हणालोसुद्धा, "असला माल बाहेरून मागवणारा कोण शहाणा असेल हो?" बाई हसल्या. मी चेष्टा केली की त्या हसतात. त्यांचा गोपनीय अहवाल मी लिहितो.

तुकडा जबड्यात घालून ओढला, तर तो तुटेना. नुसता सटकला. पुन्हा घातला, पुन्हा सटकला. तिसऱ्या वेळी जबडा पार आवळला, तर यंत्र कुईं करून बंद पडलं आणि दोरा जसाच्या तसा. सव्वीस वर्षांत कुठल्या दोऱ्याने माझ्याशी असं वागण्याची हिंमत केली नव्हती. बरं, अर्जातला 'तुटण्याचा भार' हा रकाना रिकामा सोडता येत नाही. मग नियम असा की वस्तू कळत नसेल तर सर्वांत जवळच्या वस्तूचं मानक लावायचं. मी तंबूची दोरी लावली. तंबूच्या दोरीला गाठ चाचणी असते. गाठ मारायची, वजन टांगायचं, तासभर गाठ टिकली पाहिजे. हा धागा इतका गुळगुळीत की चहा येण्याच्या आत गाठ सुटून वजन फरशीवर. मला अगदी समाधान वाटलं. मी लिहिलं, 'गाठ टिकत नाही. सदर माल वापरास अयोग्य. आयातदारास वस्तूचे ज्ञान नसावे.' शेवटचं वाक्य नियमात नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

दहा दिवसांनी घरी पत्र आलं. बायकोने फोडलं, वाचलं, आणि सोबतचा अहवाल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "अहो, ही सही ओळखीची वाटते."

मी पाणी मागितलं. तिने आणून दिलं, आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहून ते शेवटचं वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. "आयातदारास वस्तूचे ज्ञान नसावे. हे मात्र तपासून लिहिलंय."

वाढदिवसाला तीन आठवडे राहिले होते. चाकं परत पाठवायची नसतील तर अपील करणं भाग होतं. अपील करायचं म्हणजे कडक करायला हवं, मिळमिळीत अपिलाला कचऱ्याची टोपली मिळते हे मी आतून जाणतो. म्हणून मी नागरिक या नात्याने लिहिलं, 'तपासणी अधिकाऱ्याने चाकाच्या आऱ्याला तंबूची दोरी समजून आपल्या अज्ञानाचे प्रदर्शन केले आहे. अशा व्यक्तीकडे कात्रीसुद्धा देणे धोक्याचे आहे.' लिहून झाल्यावर हलकं वाटलं.

अपील चार दिवसांत माझ्या टेबलावर आलं. परिच्छेदवार खुलासा करावा. मी ते वाचलं आणि भयंकर संतापलो. हसू नका. स्वतः लिहिलेला मजकूर असला तरी तो समोरून आल्यावर वेगळा लागतो. शिवाय बाजूला सहायक बाई बसल्या होत्या आणि त्यांनी तो माझ्याआधी वाचला होता. मी खुलासा दिला, 'परिच्छेद एक: मान्य नाही. परिच्छेद दोन: मान्य नाही. परिच्छेद तीन: अर्जदाराचा सूर उद्धट असून त्याच्या संस्कारांविषयी शंका येते.'

मग संचालकबाईंनी सुनावणी लावली. गुरुवारी, वाढदिवसाच्या तीन दिवस आधी. संचालकबाई कमी बोलतात आणि बोलताना पेनाचं टोपण काढतात, घालतात. त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.

"अर्जदार आले का?" त्यांनी विचारलं.

"आलोय."

"आणि तपासणी अधिकारी?"

"तोही मीच, मॅडम."

टोपण निघालं, बसलं. "ते मला कागद वाचूनच कळलं. इतकं वाईट एकमेकांबद्दल लोक ओळख असल्याशिवाय लिहीत नाहीत. बसा. कुठल्याही एका खुर्चीत."

मी मधे उभाच राहिलो.

"आपली वस्तू असल्याचं कळल्यावर खुलासा तुम्ही लिहायला नको होता. त्याची नोंद तुमच्या फायलीत जाईल," त्या म्हणाल्या. "आता एवढंच सांगा. अहवाल चुकला आहे का?"

"अर्जदाराचं म्हणणं आहे की..."

"मी अधिकाऱ्याला विचारतेय."

एकही अहवाल न फिरलेला माणूस, ही माझी एवढीच कमाई. निरोपसमारंभाच्या भाषणात तेच वाक्य असणार होतं, मी ते मनात पाठही केलं होतं. गप्प बसलो असतो तर अपील फेटाळलं गेलं असतं आणि नाव राहिलं असतं. सायकल विकून मागच्या सीटवर पोरांच्या मधे बसायचं, एवढंच. मी ते बसून घेतलं असतं हो. पण माझ्या शेजारी खिडकीपाशी बायको बसलेली असती, आणि सासरच्या फाटकात गाडी शिरताना तिने माझ्याकडे बघितलं नसतं.

"ती वस्तू गाठ मारायची नव्हतीच," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे चुकला."

"लिहून द्या," संचालकबाई म्हणाल्या. मी लिहून दिलं. चूक हा शब्द मी आयुष्यात दुसऱ्यांसाठी इतका वापरला होता, तरी लिहिण्याआधी मी त्याचं ऱ्हस्व-दीर्घ तपासून पाहिलं.

अपील मंजूर झालं आणि शनिवारी चाकं घरी आली. सायकलवाल्याने ती बसवली, पण आधी बोटाने एकेक दोरा छेडून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "मी लोखंडाचा माणूस, साहेब. ह्या नाड्यांवर काही झालं तर माझ्याकडे येऊ नका."

"काही झालं तर मी कुणाकडेच येणार नाही," मी म्हणालो. त्याला ते पटलं.

रविवारी सकाळी निघालो. डॉक्टर पहिल्या किलोमीटरला हात हलवून पुढे गेले ते दिसेनासे झाले. चाकं चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. सपाटीवर ती नुसती घरंगळत. पण मोकळ्या माळावर आडवा वारा सुटला आणि पूलवाले काका किती बरोबर होते ते मला समजायला लागलं. एक मालमोटार शेजारून गेली तेव्हा मी रस्त्याच्या या कडेचा त्या कडेला गेलो. मी हँडल असं आवळून धरलं होतं की बोटं बधिर झाली. छातीत भाता चालू होता. तरी मी थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच पाणी प्यायलासुद्धा थांबलो नाही.

सोळाव्या किलोमीटरला एका झाडाखाली डॉक्टर उभे दिसले. सायकल झाडाला टेकवलेली, फोन कानाला. कुणाची तरी दाढ ठणकत असणार. "नाही, लवंग नका ठेवू, आधी मला सांगा, वरची की खालची?" एवढं मला ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे बघून हात केला. मीही हात केला असता, पण हँडल सोडण्याची सोय नव्हती. मी मान हलवली आणि पुढे निघालो. शेवटचे सहा किलोमीटर मी कसे गेलो ते मला आठवत नाही. मागे वळून बघायचं नाही, एवढं एकच डोक्यात.

सासऱ्यांच्या फाटकातून मी आत शिरलो तेव्हा अंगणात दुसरी सायकल नव्हती. गाडी नव्हती. मी पहिला होतो.

सासूबाई बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. "हे काय? तुम्ही? डॉक्टर कुठं आहेत?"

"मागे आहेत," मी धापा टाकत अभिमानाने म्हणालो. "रस्त्याच्या कडेला उभे होते."

"उभे होते?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि तुम्ही तसेच पुढं आलात?"

"अहो, ते फोनवर..."

"अहो ऐकलंत का! डॉक्टरांना वाटेत काहीतरी झालंय!"

सासरे नवा कोट घालून बाहेर आले आणि त्यांनी लगेच फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. "अपघातात असंच होतं," ते गंभीरपणे म्हणाले. "फोन हातातून पडतो आणि चालूच राहतो." मी दाढेचं सांगत होतो. लवंगेचंही सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं. तेरा वर्षं ज्या घरात मी जावई आहे त्या घरात मी आधी पोचू शकतो, याचा फक्त एकच अर्थ निघत होता, तो म्हणजे डॉक्टर रस्त्यात पडलेत.

"जावईबापू," सासरे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्याकडे सायकल आहे. तुम्हीच जा. लवकर."

पंचाहत्तर वर्षांचा माणूस, त्याचा वाढदिवस, काय करणार? मी सायकल फिरवली आणि उलटा निघालो. वाटेत समोरून आमची गाडी आली. मेहुणीने भोंगा वाजवला. खिडकीतून बायकोने मला पाहिलं, सासरकडून घराकडे जाताना. तिचा चेहरा मला एकच क्षण दिसला. तो मला आजही नको वाटतो.

डॉक्टर तीन किलोमीटरवर भेटले. मजेत शीळ घालत येत होते. "अरे, उलटे कुठे निघालात?" ते हसले. सगळे दात. मी वळलो आणि त्यांच्या मागे लागलो. पायात जीव उरला नव्हता. शेवटच्या चढावर ते पुढे गेले.

मी पोचलो तेव्हा डॉक्टरांना सुखरूप पाहून सासूबाईंनी त्यांच्या हाताला धरून आत नेलं होतं. अंगणात बायको एकटी उभी होती, गाडीतून उतरल्यावर ती आत गेलीच नव्हती.

"वाऱ्याने घाबरून घरी परत निघाला होतात ना?" ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी पोचलो होतो," मी म्हणालो. "सगळ्यांच्या आधी. त्यांनी मला डॉक्टरांना शोधायला परत पाठवलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माझा घाम, माझी बधिर बोटं. खोटं बोलताना मी रेल्वेचं फाटक सांगतो, हे तिला माहीत आहे. ती वळली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी दारापर्यंत गेलो.

"आई, हे आधी येऊन गेले होते?"

"हो गं," सासूबाई कपबशा पुसत म्हणाल्या. "निरोप घेऊन आले होते ना, डॉक्टर वाटेत अडकलेत म्हणून."

"निरोप घेऊन नाही आले. पहिले आले."

"तेच ते."

"तेच नाही. म्हण, पहिले आले."

मेहुणी म्हणाली, "अगं, यांना पेशंटचा फोन आला होता म्हणून..."

"ताई, तू जरा थांब." बायको पुन्हा आईकडे वळली. "आई, म्हण. एकदाच म्हण."

सासूबाईंनी हातातली बशी ठेवली. त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या माझ्या सायकलीबद्दल विचार करत नव्हत्या. "बरं बाई," शेवटी त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "पहिले आले."

"ताई, ऐकलंस?"

"ऐकलं," मेहुणी म्हणाली.

बायको बाहेर आली आणि माझ्याजवळ पायरीवर बसली. डोळे पुसले, मग हसली, मग पुन्हा पुसले. आत डॉक्टर कुणाला तरी लवंगेचे दुष्परिणाम समजावून सांगत होते.

"पाय दुखतायत का?" तिने विचारलं.

"फार," मी म्हणालो.